ऑलिव्ह ऑइलचं दुकान

माझा नवरा दारू विकायचा. हे वाक्य मी मराठीत आज पहिल्यांदा लिहितेय. इंग्रजीत कितीदा तरी बोलले असेन, ऑफिसात, पार्टीत, मुलीच्या शाळेतल्या आयांसमोर. 'माय हजबंड सेल्स वाइन' म्हटलं की समोरचा माणूस 'वॉव' म्हणायचा. मराठीत वॉव नाही. मराठीत नुसती शांतता पसरते आणि कुणीतरी चिवड्याची बशी पुढे सरकवतं. म्हणून इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांना आम्ही सांगायचो, ऑनलाइन बिझनेस आहे. कसला? इम्पोर्टचा. त्यापुढे कुणी खोदून विचारलंच तर मी चहा टाकायला उठायची.

आम्ही अर्विंगला राहत होतो, डॅलसला लागूनच. २००१ साली टेलिकॉमवाल्या कंपन्या धडाधड आपटल्या आणि ह्याची नोकरी गेली. ह्याचीच असं नाही, आमच्या अपार्टमेंटमधलं निम्मं पुणं-नागपूर घरी बसलं. जे व्हिसावर होते ते सोफे, टीव्ही, गाड्या मिळेल त्या भावाला विकून परत गेले. आमचं ग्रीनकार्ड नुकतंच आलेलं, माझी नोकरी शाबूत, म्हणून आम्ही राहिलो. जाणारे म्हणायचे, तुम्ही नशीबवान. डोंबलाचं नशीब! पुढे कितीदा वाटलं, आम्हालाही हाकललं असतं तर बरं झालं असतं.

सुरुवातीला ह्याने अर्ज केले, इंटरव्ह्यू दिले. मग दिवसभर सोफ्यावर बसायला लागला. मग सोफाही नको झाला. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडायचा, आणि मी संध्याकाळी आले की सकाळी करून ठेवलेली पोळीभाजी तशीच झाकलेली असायची. मी नागपूरची, गप्प बसणं मला जमत नाही. ओरडले, रडले, डॉक्टरकडे चल म्हणून पाया पडले. तर म्हणे, 'मला काय वेड लागलंय?' पैशाचं माझ्या पगारात कसंबसं भागत होतं, त्याचं मला काही नव्हतं. मला ह्याची भीती वाटायची. संध्याकाळी कुलपात किल्ली घातली की रोज क्षणभर थांबायची, आत काय बघायला मिळणार म्हणून. मुलीला आधी आत सोडायची नाही मी. ती तेव्हा लहान होती. 'व्हाय डू आय हॅव टु वेट, आई?' म्हणून दारात पाय आपटायची.

असं वर्षावर चाललं. मग एक दिवस ऑस्ट्रेलियातल्या एका म्हाताऱ्याची ईमेल आली.

अमेरिकेत यायच्या आधी हा वर्षभर अ‍ॅडलेडला होता, वाय-टू-केच्या कामावर. तिथे शनिवार-रविवारी कुठे जायचं म्हणून ऑफिसातल्या एकाबरोबर एका मळ्यावर गेला आणि मग जातच राहिला. डोंगरउतारावरचा लहानसा द्राक्षाचा मळा, म्हातारा आणि त्याची बायको दोघंच राबायचे. मोठ्या कारखान्यासारखी नाही, मोजकीच वाइन करायचे, पण ती चाखायला लांबून लोक यायचे. ह्याने तिथे द्राक्षं तोडली, पिंपं धुतली. आमच्या लग्नाच्या वेळी सुद्धा हा मला त्या मळ्याबद्दलच सांगत होता. मी मनात म्हटलं, वा, मुलगा इंजिनिअर आणि बोलतो शेतीचं.

तर त्या म्हाताऱ्याने लिहिलं होतं, 'माझा थोडा माल अमेरिकेत यायला लागलाय. आणणारी कंपनी आहे, पण विकायला कुणी नीट माणूस नाही. तू कॉम्प्युटरवाला ना? बघ काही करता येतं का.' हा ती ईमेल वाचून उठला, आंघोळ केली आणि मला म्हणाला, 'मी दुकान काढतो.'

दुकान म्हणजे ऑनलाइन, पण टेक्सासात वाइन विकायची तर परवाना लागतो आणि परवान्याला जागा लागते. घरातून विकता येत नाही. मग एका स्ट्रिप मॉलमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या दुकानांच्या ओळीत, नेल सलून आणि इन्कम टॅक्स भरून देणाऱ्याच्या मधली, एक चिंचोळी खोली घेतली. लाकडी रॅक ह्याने स्वतः ठोकले. बाटल्या आडव्या ठेवायच्या, बूच ओलं राहिलं पाहिजे. एसी इतका गार की आत ऑगस्टमध्ये हा स्वेटर घालून बसायचा. म्हाताऱ्याने आपल्या ओळखीतले आणखी चार-पाच मळेवाले जोडून दिले, सगळे असेच छोटे. त्यांचा माल दुसऱ्या कुठल्या दुकानात मिळायचा नाही, आणि त्या काळात इथल्या शौकीन लोकांना ऑस्ट्रेलियाच्या दाट लाल वाइनचं वेडच लागलं होतं. ऑर्डरी यायला लागल्या. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा; इथे पाठवता येते, तिथे नाही, दारात मोठ्या माणसाची सही घेतल्याशिवाय खोकं द्यायचं नाही. हे सगळं ह्याला तोंडपाठ झालं.

साइटवर प्रत्येक बाटलीबद्दल हा स्वतः लिहायचा. अमेरिकन लोकांसाठी ब्लॅकबेरी वगैरे. मला मात्र पहिला घोट देताना म्हणाला, 'डोळे मीट. जांभूळ येतंय का? झाडाखाली पडून पिकलेलं? आणि मागून मिरी?' मी आयुष्यात कधी थेंब घेतला नव्हता. डोळे मिटले, आणि खरंच, यार, जांभूळ!

एक दिवस मी घरी आले तर हा शिट्टी वाजवत कांदा चिरत होता. मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि पोटभर रडले. माझा माणूस मला परत मिळाला होता. कुणाला हसू येईल, पण माझ्यासाठी ती वाइन म्हणजे साक्षात औषध होतं. मंगळसूत्राखालोखाल मी त्या दुकानाला जपत होते.

आता बाबांबद्दल सांगते. बाबा म्हणजे माझे सासरे. सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावी हेडमास्तर होते. सासूबाई लवकर गेल्या, बाबांनी एकट्याने ह्याला वाढवलं. बाबांचा धाकटा भाऊ दारूने गेला. नुसता गेला नाही. बाबांनी त्याला गटारातून उचलून घरी आणला होता, आणि तेव्हा माझा नवरा सात-आठ वर्षांचा, दारात उभा होता. त्यानंतर बाबांनी दारूबंदीचं जे घेतलं ते घेतलंच. रिटायर झाल्यावर तर पूर्ण वेळ. गावागावांत बायकांना गोळा करायचे, मतदान घडवून आणायचे. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. बाबांनी कितीतरी गावांत बाटली आडवी करून दाखवली. आणि त्यांचा एकुलता एक मुलगा टेक्सासात शेकड्यांनी बाटल्या आडव्या करून ठेवत होता. मी एकदा चेष्टेने म्हटलं, 'बाप-लेक एकच काम करताय.' हा हसला नाही.

दुकान सुरू झालं तेव्हा बाबांनी फोनवर विचारलं, 'काय विकतोस रे?' हा स्वयंपाकघरात उभा होता. समोर ओट्यावर जे दिसलं ते बोलून गेला, 'ऑलिव्ह ऑइल, बाबा. ऑस्ट्रेलियातल्या छोट्या शेतकऱ्यांचं.' बाबा इतके खूश! 'जैतुनाचं तेल! वा! शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात, खाणाऱ्याची तब्येत सुधारते. ह्याला म्हणतात धंदा.' झालं. त्या दिवसापासून दर रविवारी फोनवर तेलाची चौकशी सुरू झाली.

मी म्हणायची, 'अरे, सांगून टाक. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?' तर म्हणायचा, 'तू काकाला पाहिलं नाहीस.' खरंच पाहिलं नव्हतं.

२००६ च्या उन्हाळ्यात बाबा आले. सहा महिन्यांसाठी येतात तसे, लोणच्याच्या बरण्या, मेतकूट आणि सूनबाईला साडी घेऊन. पहिल्याच दिवशी म्हणाले, 'तुमचा नायगारा, तुमचं डिस्नी राहू दे बाजूला. मी माझ्या मुलाचं दुकान बघायला आलोय. नारळ फोडायचाय मला.' ह्याने दोन-अडीच महिने टाळलं. आज तिथे रंग चाललाय, उद्या तपासणीला माणूस येणार आहे, परवा आणखी काही. ऑगस्ट उजाडला तसे बाबा गप्प गप्प राहायला लागले. मला एकदा स्वयंपाकघरात हळूच म्हणाले, 'सूनबाई, दुकान आहे ना गं खरंच? का माझं मन राखायला सांगताय? नोकरी गेल्यावर त्याचं काय झालं होतं ते मला कळलंय.' त्यांचे डोळे भरले होते. मी ते ह्याला सांगितलं आणि ह्याने ठरवलं. शनिवारी बाबांना दुकान दाखवायचं.

प्लॅन असा होता: शुक्रवारी संध्याकाळी सगळी वाइन भाड्याच्या ट्रकमध्ये घालायची आणि हायवेलगत, सामान ठेवायला भाड्याने मिळणाऱ्या एका स्टोरेज युनिटमध्ये टाकायची. रॅकवर ऑलिव्ह ऑइलचे डबे मांडायचे, ते घाऊक बाजारातून आणले. शनिवारी सकाळी बाबा येतील, नारळ फोडतील, चहा घेतील, घरी जातील. दुपारी वाइन परत जागेवर. एसीवालं युनिट एकही रिकामं नव्हतं, त्यामुळे साधं, पत्र्याचं घेतलं. 'एका सकाळचा प्रश्न आहे,' हा म्हणाला. वाइनला ऊन किती वाईट हे ह्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? उन्हाळ्यात आम्ही गिऱ्हाइकांना माल पाठवतच नसू. वसंतात पैसे घ्यायचो आणि सांगायचो, ऑक्टोबरपर्यंत दम धरा, ट्रकमध्ये उकडून खराब होईल. त्या युनिटमध्ये जे गेलं ते निम्म्याहून जास्त असं आधीच विकलेलं होतं. लोकांची अमानत होती ती.

शनिवारी बाबा धोतर, कोट, टोपी घालून आले. नारळ फोडला, प्रत्येक रॅकला हळद-कुंकू लावलं, नेल सलूनमधल्या बाईला जाऊन खोबरं देऊन आले. एकेका डब्यावरून हात फिरवत होते. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, 'काय गारवा ठेवलायस रे! घरी बसून मला काय करायचंय? मी रोज येत जाईन तुझ्याबरोबर. खोकी बांधायला तर येतील मला.'

मी ह्याच्याकडे बघितलं. म्हटलं आता बोलेल. आता तरी बोलेल. हा म्हणाला, 'या की बाबा.'

आणि बाबा रोज यायला लागले. सकाळी ह्याच्या आधी तयार. दिवसभर दुकानात, संध्याकाळी ह्याच्याच गाडीतून घरी. शेपटासारखे मागे. ट्रक आणून वाइन हलवायला ह्याला सवडच मिळेना, आणि हलवून ठेवणार कुठे? घरी बाबा, दुकानात बाबा. मंडळातल्या कुणाच्या घरी ठेवावी तर आठवड्याभरात पार न्यू जर्सीपर्यंत बातमी. शिवाय परवान्याप्रमाणे दुकानाबाहेर बाटली ठेवणंच चूक, त्यामुळे उघडपणे कुणाची मदतही मागता येईना. एसीवालं एक युनिट मिळत होतं, पण पुढच्या महिन्यात.

त्यात बाबा विचारायचे, 'आज काय ऑर्डरी?' मग हा ऑर्डरी रचायचा. बाबा आपल्या वळणदार हेडमास्तरी अक्षरात पत्ते लिहायचे, डबे कागदात गुंडाळून खोकी बांधायचे, चिकटपट्टी अशी सरळ लावायचे की मशीनला लाज वाटावी. हा ती खोकी 'पोस्टात टाकतो' म्हणून बाहेर न्यायचा आणि माझ्या ऑफिसपाशी येऊन माझ्या गाडीच्या डिकीत ठेवायचा. मी लंचच्या सुट्टीत ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी राहून ती फोडायची, आणि तेच डबे दुसऱ्या दिवशी 'नवा माल' म्हणून दुकानात जायचे. काय ती दशा! एका शनिवारी मी दुकानात असताना बाबा एक डबा उचलून म्हणाले, 'असाच कोपऱ्यात चेपलेला परवाही होता. तुमच्या कंपनीला लिही, माल नीट भरत जा म्हणून.' मला हसू आलं, पण टिकलं नाही, कारण त्या दिवशी पारा शंभर फॅरनहाइटच्या वर होता, आणि सबंध आठवडा तसाच होता.

लंचमध्ये माझं दुसरं काम म्हणजे बर्फ. गॅस स्टेशनवरून पिशव्या घ्यायच्या आणि स्टोरेजवर न्यायच्या. शटरला हात लावला तर तव्याला लागल्यासारखा चटका बसायचा. आत श्वास घ्यायला नको वाटायचं. खोक्यांवर बर्फ रचायचा, तो माझ्यासमोरच वितळायला लागायचा. लेबलं भिजली, पुठ्ठे ओले झाले, वाइन मात्र गरमच. मला कळत होतं हो. मला बाटलीतलं काही कळत नसलं तरी एवढं कळत होतं.

एकदा दुपारी हा 'पोस्टात जाऊन येतो' म्हणून निसटला आणि तिथे आला. आम्ही दोघं त्या पत्र्यापुढे उभे राहून भांडलो. मी म्हटलं, 'बस झालं. आज संध्याकाळी तू सांग, नाहीतर मी सांगते. बाबा दोन दिवस जेवणार नाहीत, चार दिवस बोलणार नाहीत, मग बोलतील. बाप आहेत ते!'

'तू त्यांचं तोंड बघितलंस? नारळ फोडताना?'

'बघितलं. आणि तुझं तोंड पण मी बघितलंय. वर्षभर. भिंतीकडे केलेलं.'

तो शटर ओढून घेत म्हणाला, 'तू सांगितलंस ना, तर मी परत उभा राहणार नाही. लक्षात ठेव.'

त्या वाक्याला मी घाबरले. मला कुलपात किल्ली घालतानाचे ते दिवस आठवले आणि मी गप्प बसले. जिभेला हाड नसलेली मी, त्या एका वेळेस गप्प बसले. अजून मला त्याचा राग येतो, आणि तो ह्याच्यावर येतो, माझ्यावर नाही. सांगायचं त्याने होतं. बाप त्याचा होता.

तीनेक आठवड्यांनी बाबांना व्हायरल झालं आणि ते घरी राहिले. तेव्हा आम्ही वाइन परत आणली. बाबा बरे होईपर्यंत ह्याने दुकानात मधोमध पार्टिशन घातलं, मागे वाइन, पुढे तेल. 'मागे काय आहे?' 'हीटर, बाबा, शॉक बसेल.' एवढं सोपं होतं ते! एक प्लायवूडचा तुकडा. तीन आठवड्यांपूर्वी दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. भीती वाटली की आमची अक्कल गहाण पडते, खोटं बोलायला जेवढी लागते तेवढीच शिल्लक राहते.

ऑक्टोबरात बाबा परत गेले. विमानतळावर ह्याला जवळ घेऊन म्हणाले, 'मी फार काळजीत होतो रे तुझ्या. आता डोळे मिटले तरी चालतील.' मला म्हणाले, 'तू सांभाळलंस त्याला.' मी नमस्काराला वाकले आणि वेळ लावून उठले.

तिथून आम्ही थेट दुकानात गेलो. तोवर खोकी उघडून बघायची ह्याची छाती झाली नव्हती; आता ह्याने प्लायवूड बाजूला केलं. कितीतरी बाटल्यांची बुचं वर आली होती, वरचं वेष्टण फुगवून. काहींच्या गळ्यावरून चिकट ओघळ आलेले. त्याने एक उघडली, ग्लासात ओतली, वास घेतला आणि ग्लास माझ्याकडे दिला. जांभूळ नव्हतं, मिरी नव्हती. गुळाच्या पाण्यात आमसूल टाकून आटवत ठेवावं आणि विसरून जावं, तसं लागलं. त्याने दुसऱ्या खोक्यातली उघडली. तिसऱ्या. मी म्हटलं, पुरे. तो थांबेना. प्रत्येक खोक्यातली एक उघडत गेला आणि सिंकमध्ये ओतत गेला.

मी एकदा म्हणून बघितलं, 'पाठवून तर देऊ. सगळ्यांना कुठे कळतंय?' त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी गाडीची किल्ली घेऊन बाहेर जाऊन बसले. वाइनच्या बाबतीत हा माणूस कधी खोटं बोलला नाही. बापाशी बोलला, बायकोला बोलायला लावलं, मुलीला सुद्धा 'आजोबांना ऑइल म्हणायचं हं' असं पढवलं, आणि वाइनच्या गिऱ्हाइकांना मात्र एकेकाला खरं लिहिलं. पैसे परत केले. काही लोक चांगलं बोलले. काहींनी इंटरनेटवर, जिथे हे शौकीन लोक जमतात तिथे, लिहिलं. त्यात चूक काहीच नव्हतं. त्यानंतर ऑर्डर आली नाही.

म्हाताऱ्याला फोन केला तेव्हा मी शेजारी बसले होते. ह्याने सगळं सांगितलं, बाबा, नारळ, पत्र्याचं युनिट. मग त्याने विचारलं, 'एकही नाही वाचली?' हा म्हणाला, 'नाही.' म्हातारा म्हणाला, 'ते वर्ष फार चांगलं उतरलं होतं रे.' त्याने शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. पुढच्या हंगामाचा माल त्याने दुसऱ्या कुणाला दिला.

दुसरा माल घेऊन परत उभं राहता आलं असतं असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं? त्या महागड्या ऑस्ट्रेलियन वाइनचं वेडही तोवर ओसरायला लागलं होतं. २००७ मध्ये आम्ही जागा सोडली. नेल सलूनवाल्या बाईने मधली भिंत पाडून दुकान वाढवलं. तेल गेलं, तूप गेलं म्हणतात, आमच्याकडे तेल तेवढं राहिलं. वर्षभर मी त्यातच फोडण्या घालत होते. २००८ मध्ये तर नोकऱ्याही आटल्या, आणि ह्याने कुठे अर्जही केला नाही. पलंग, भिंत, झाकलेली पोळीभाजी. मुलगी आता मोठी झाली होती, दारात पाय आपटत नव्हती. मी न सांगताच ती बाहेर थांबायची.

फक्त रविवारी हा उठायचा. बाबांचा फोन यायचा म्हणून. सकाळी आंघोळ करायचा, आठवड्यातली एकच, पलंगावर ताठ बसायचा, घसा खाकरायचा, आणि मग तो आवाज! 'काल कॅलिफोर्नियाहून मोठी ऑर्डर आली, बाबा. हो, हॉटेलवाला आहे. नाही नाही, डबे नीट भरतात आता.' हसायचा, खरंखुरं हसायचा. मी स्वयंपाकघरात गॅस बारीक करून ऐकत राहायची. दहा-पंधरा मिनिटं माझा नवरा घरात असायचा. फोन ठेवला की पुन्हा भिंत.

शेवटी मला सहन होईना. मला वाटलं, ह्याला ह्यातून बाहेर काढणारा माणूस जगात एकच आहे, आणि त्यालाच काही माहीत नाही. बाप एक थोबाडीत देईल, रडेल, विमानात बसून येईल, काहीतरी करेल. एका रविवारी हा आंघोळीत असताना फोन वाजला. मी उचलला आणि सगळं सांगून टाकलं. तेल नव्हतंच, बाबा. वाइन होती. तुमच्यापासून लपवायला उन्हात ठेवली, ती गेली, दुकान गेलं, तुमचा मुलगा दोन वर्षं पलंगावरून उठत नाही. तुम्ही त्याच्याशी बोला. तुमचंच ऐकेल तो.

मला बाबांचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, 'त्याला दे.'

हा टॉवेल गुंडाळून बाहेर आला. माझं तोंड बघूनच त्याला कळलं. फोन कानाला लावून तो ऐकत राहिला, बराच वेळ. मी पदराला धरून उभी असल्यासारखी त्या दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मनात म्हणत होते, बोल, रड, फोड टाहो, काहीही कर.

'छे हो बाबा,' तो म्हणाला. 'चेष्टा करतेय ती. तुम्हाला माहीत आहे ना तिचा स्वभाव, नागपूरकरीण.' आणि हसला. 'दारू? मी? काहीतरीच काय. परवाच दोन खोकी शिकागोला गेली.'

फोन ठेवून तो माझ्यावर चिडलाही नाही. म्हणाला, 'रडत होते गं ते. मी चेष्टा म्हटल्यावर हसले.' आणि जाऊन पडला.

पुढच्या रविवारी तो आंघोळीला उठला नाही. फोन वाजला. वाजत राहिला. मी खोलीच्या दारातून हाक मारली, 'अरे, बाबांचा फोन आहे.' त्याने पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. मग मीच उचलला.

'सूनबाई,' बाबा म्हणाले, 'परत असली थट्टा करायची नाही हां. म्हाताऱ्या माणसाचा जीव जातो अशाने. तो कुठाय? दुकानात गेला? रविवारी पण?'

'हो.'

'बरं, बरं. कसं चाललंय दुकान?'

'छान चाललंय, बाबा,' मी म्हणाले.